नऊ मतांची गोष्ट

विद्यापीठातून फॉर्म आलाय. दोन पानी, गुळगुळीत कागदाचा, वर सोनेरी शिक्का. नियामक मंडळाच्या सदस्यांची माहिती वार्षिक पुस्तकात छापायची आहे म्हणे. नाव, शिक्षण, निवडणूक कारकीर्द, आणि शेवटी दहा ओळींची रिकामी जागा: 'कारकिर्दीतील अविस्मरणीय प्रसंग'. भाऊनं तो माझ्या कापड बेतायच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, तूच भर. तुझ्याइतकं कुणाला आठवतंय!"

आठवतं ना. न आठवायला काय झालं? पंचवीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाची बाही किती होती ते मी आजही सांगेन, मग सख्ख्या भावाच्या निवडणुका विसरेन होय? सगळं शहर त्याला भाऊ म्हणतं. माझा तो खरोखरचा, पाठचा. विधानसभेच्या सहा निवडणुका लढवल्या त्यानं. तीन जिंकल्या, तीन हरल्या. आणि त्या सहाही याच टेबलावरून लढवल्या गेल्या. दिवसा यावर ब्लाऊज कापायचे, संध्याकाळी कापड गुंडाळून ठेवून मतदार याद्या पसरायच्या.

पहिली तो नऊ मतांनी हरला. नऊ! लाखभर माणसांच्या मतदारसंघात नऊ.

त्या दिवशी मी मतदान केंद्राबाहेर सकाळपासून टेबल टाकून बसले होते, लोकांना त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून देत. चिमी, माझी लेक, चार वर्षांची होती. तापानं फणफणलेली पोर टेबलाखाली सतरंजीवर झोपवली होती. आमचे हे मतदारांना गाडीतून आणत होते. आत्या म्हणाली, पाय दुखतायत, माझ्या एका मतानं काय अडणारेय. चुलत भाऊ तर चहा आणायला गेले ते गेलेच. आणि मी? मी हजार माणसांना आत पाठवलं आणि स्वतः उठले तेव्हा दार लागलं होतं. मला वाटलं, जाऊ दे, आपलं मत काय, ते धरलेलंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. मी यादी काढून घरच्या नावांवर बोट फिरवलं. मत न दिलेली अकरा माणसं निघाली आमच्या घरची. मी त्यातलीच एक. मी त्या यादीवर डोकं ठेवून अशी रडले की चिमी घाबरून माझ्याबरोबर रडायला लागली. भाऊ मात्र रडला नाही. तो म्हणाला, "ताई, कानाला खडा. पुढच्या वेळी आधी घर, मग गल्ली."

पुढच्या प्रत्येक सभेत त्यानं ती गोष्ट सांगितली. काय सांगायचा! हात कमरेवर ठेवून म्हणायचा, "मला विरोधकांनी नाही पाडलं हो. मला माझ्या घरच्यांनी पाडलं, आणि तेही प्रेमानं पाडलं! प्रत्येकाला वाटलं, आपलं मत धरलेलंच आहे." लोक खो खो हसायचे. हसणं ओसरेपर्यंत तो थांबायचा आणि मग आवाज खाली आणून म्हणायचा, "धरलेलं मत पेटीत पडत नाही, बाबांनो. ते द्यावं लागतं." अख्खं मैदान गप्प. माझ्या अंगावर काटा यायचा, आणि ते वाक्य मी शंभर वेळा ऐकलेलं असायचं.

दुसरी निवडणूक तो चार हजारांनी जिंकला. आमदार झाला आणि पहिलं काम केलं ते सायंशाखेचं. बंद पडलेल्या काडेपेटीच्या कारखान्यात वरचा मजला रिकामा होता. तिथं विद्यापीठाचे संध्याकाळचे वर्ग सुरू करायला लावले. दिवसभर राबणाऱ्या माणसांनी कामावरून सुटून यावं आणि शिकावं म्हणून. भिंतींना अजून गंधकाचा वास यायचा. पण पहिल्या दिवशी ऐंशी माणसं आली, त्यात एक आजोबाही होते. त्या दिवशी भाऊचा मला इतका अभिमान वाटला की मी त्याला भर लोकांत जवळ घेतलं. तिसरीही तो आरामात जिंकला. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

चौथीबद्दल आहे. तेव्हा चिमी एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात विज्ञान शिकत होती. पोरगी हुशार, पण मामावर जीव. प्रचार कार्यालयातला फोन तिच्या ताब्यात होता. कुठल्या गल्लीत कोण नाराज आहे, कुणाकडे भाऊनं स्वतः जायला हवं, सगळं तिच्या डोक्यात. मतदानाच्याच आठवड्यात तिची परीक्षा आली. ती भाऊला म्हणाली, "मामा, मी चार दिवस नसले तर चालेल?" भाऊ यादीतून मान वर न काढता म्हणाला, "अगं, परीक्षा काय, पुढच्या वर्षी देशील. एका वर्षानं काय होतंय?"

मीही काही बोलले नाही. हे खोटं कशाला सांगू. मलाही ती फोनपाशी हवी होती.

तो एकसष्ट मतांनी जिंकला. ती एकसष्ट मतं चिमीची होती, असं भाऊनंच गळ्यात हार असताना सांगितलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, मग एकापाठोपाठ दोन मुलं, मग जावयाची नोकरी गेली. परीक्षा राहिली ती राहिलीच. गेली सहा वर्षं ती बेकरीत उभी असते, सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत.

पाचवी आणि सहावी निवडणूक भाऊ हरला. सहावीत तर आमच्या गल्लीतलीही मतं फुटली. दोन वर्षं तो घरात बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होता. भावजय म्हणायची, "ताई, यांना कुठं तरी चिकटवा हो, मला वेड लागेल." शेवटी जुन्या ओळखी कामाला आल्या आणि सरकारनं त्याला विद्यापीठाच्या नियामक मंडळावर नेमलं. नवा कोट मीच शिवला. कोट घालून आरशात बघताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

आणि चिमीनं सायंशाखेत नाव घातलं! मामानं काढलेल्या शाखेत. रक्त-लघवी तपासायचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. बेकरीतून सुटली की पिशवीत ॲप्रन कोंबून थेट कारखान्यात. दोन वर्षं झाली, पहिल्या पाचांत नंबर. एक वर्ष राहिलं होतं. इस्पितळातल्या प्रयोगशाळेनं तर सांगून ठेवलं होतं, पास हो आणि ये.

तेवढ्यात मंडळापुढं प्रस्ताव आला, सायंशाखा बंद करायची. इमारत जुनी आहे, विद्यार्थ्यांनी मुख्य आवारात दिवसाच्या वर्गांना यावं. दिवसा येता आलं असतं तर ही माणसं संध्याकाळी कशाला आली असती? पण प्रस्ताव खुद्द अध्यक्षांचा. निवृत्त न्यायाधीश, शब्दाला वजन.

चिमीला काळजीच नव्हती. "आई, मामा आहे ना आत," म्हणायची.

भाऊ एका संध्याकाळी आला आणि माझी निळी पेन्सिल घेऊन खाकी कागदावर मोजायला बसला, अगदी पूर्वीसारखा. मंडळात अकरा जण. अध्यक्ष मत देणार ते फक्त बरोबरी झाली तरच. उरले दहा. "चार जण बंद करा म्हणणारे. पाच जण चालू ठेवा म्हणणारे, मी स्वतः एकेकाला भेटलोय. हे पाच माझं सोडून. काम झालं, ताई!" त्यानं पाचांवर बरोबरच्या खुणा केल्या. मी चहा टाकायला उठले. 'माझं सोडून' म्हणाला तेव्हाच मी त्याचा कान धरायला हवा होता. तीस वर्षं याद्या तपासल्या आणि नेमकी तिथं चुकले.

बैठकीच्या दिवशी मी आणि चिमी एकशे चाळीस सह्यांचं निवेदन घेऊन गेलो. शिपायानं ते आत नेऊन दिलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. समोर दुधी काचेचं दार, आतल्या माणसांच्या नुसत्या सावल्या दिसायच्या. अर्ध्या-पाऊण तासानं दार उघडलं आणि भाऊ बाहेर आला, फोन कानाला लावून. आम्हाला बघून दचकलाच. मी त्याच्या फोनकडे पाहिलं. पडदा काळा होता. फोनबिन काही आला नव्हता.

"मतदान झालं?" मी विचारलं.

"आता होतंय."

"मग तू बाहेर काय करतोयस?"

"हळू बोल ना, ताई," तो कुजबुजला. "पाच पक्के आहेत. माझ्याशिवाय पाच विरुद्ध चार होतंय. अध्यक्षांच्या विरोधात मी कशाला हात वर करू? पुढच्या महिन्यात उपाध्यक्ष निवडायचाय." मग चिमीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "घाबरू नकोस गं, मोजलंय मी."

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. मंडळावरचे रंगांचे व्यापारी बाहेर आले. त्या पाचांतले एक. त्यांच्याही कानाला फोन.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनीही फोन खाली घेतले. रंगवाले ओशाळं हसले, पाठ वळवून खिडकीपाशी गेले आणि बाहेरची झाडं बघायला लागले. मला बेरीज करायला किती वेळ लागणार? आत आता चार विरुद्ध चार. बरोबरी. आणि बरोबरी झाली की अध्यक्ष.

"भाऊ, आत जा," मी म्हटलं.

तो दारापाशी गेला. कडीवर हात ठेवला.

"जा ना रे, मामा," चिमी म्हणाली. ती उभी राहिली होती.

"आता गेलो तर सगळ्यांना कळेल मी का बाहेर आलो होतो," तो दाराकडे बघतच पुटपुटला. आतून अध्यक्षांचा आवाज आला, "बाजूनं कोण?" काचेवर हातांच्या सावल्या वर गेल्या, खाली आल्या. "विरोधात?" पुन्हा सावल्या. भाऊचा हात कडीवर तसाच. नुसती खाली दाबायची होती. चार वर्षांचं पोरही दाबेल. मग आतून "प्रस्ताव मंजूर" ऐकू आलं, कागद सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं, आणि अध्यक्ष पुढच्या विषयाचा क्रमांक वाचायला लागले.

भाऊनं कडीवरचा हात काढला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, तू तर दारात उभा होतास!" मी ओरडले. शिपाई धावत आला. "नऊ मतांनी पडलास तेव्हा आम्ही कुठं कुठं पांगलो होतो. तू तर दारात होतास!"

भाऊनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो चिमीला म्हणाला, "ऐक, मुख्य आवारात तुला जागा मिळवून देतो."

"दिवसा बेकरी असते, मामा."

"मग पुढच्या वर्षी. उपाध्यक्ष झालो की मी पुन्हा विषय आणतो बघ. एका वर्षानं काय होतंय?"

चिमी हसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली, पिशवी उचलली आणि जिन्याकडे चालायला लागली. मी तिच्या मागं गेले.

गेल्या मंगळवारी भाऊ उपाध्यक्ष झाला, एकमतानं. त्यानंतर हा फॉर्म आला. ठेवून गेला होता, तो आज दुपारी न्यायला आला. मी निवडणुकांचा तक्ता भरला होता. साल, मतं, निकाल. एक आकडा इकडचा तिकडं नाही.

"वा," तो म्हणाला. "आता त्या दहा ओळी. ती नऊ मतांची गोष्ट घाल. लोकांना आवडते."

"तूच सांग," मी म्हटलं. "मला नीट आठवत नाही."

"तुला आठवत नाही?" तो मोठ्यानं हसला.

चिमी आतून ओले हात पुसत आली. स्टूल ओढलं, टेबलाशी बसली आणि फॉर्म स्वतःकडे फिरवून घेतला. "सांगा मामा," ती म्हणाली. "मी लिहिते." जन्मापासून ज्याला अरे-तुरे केलं त्याला पोरीनं पहिल्यांदा 'सांगा' म्हटलं. भाऊच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

तो उठून उभा राहिला. कोटाचं बटण लावलं, हात कमरेवर ठेवले, आणि सभेतला तो आवाज काढला. "माझी पहिली निवडणूक. लाखभर मतदार, आणि मी नऊ मतांनी पडलो."

चिमीनं लिहिलं. तिचं अक्षर सुरेख आहे.

"मला विरोधकांनी नाही पाडलं."

लिहिलं.

"मला माझ्या घरच्यांनी…"

तो थांबला. हशासाठी थांबायचा ती जागा अजून पुढं होती. मी इस्त्री बाजूला ठेवली. चिमीनं 'घरच्यांनी' लिहून पूर्ण केलं आणि मान वर केली.

"पुढे, मामा?"

भाऊ तिच्याकडे बघत होता. मग टेबलाकडे, मग माझ्याकडे. सहा निवडणुकांत, एवढ्या सभांत, माझा भाऊ कधी बोलता बोलता अडला नव्हता.

"पुढे?" चिमीनं पुन्हा विचारलं, अगदी हळू. पेन तिनं कागदावर टेकवूनच ठेवलं होतं.

तो खाली बसला. मग उठून गेला, आणि फॉर्म न्यायचा राहिला. उद्या द्यायची शेवटची तारीख आहे. ती ओळ अजून तशीच आहे.