चिमूटभर माती

गुंडा नावाड्यानं होडी मधल्या धारेत नेली, पाणी भरून बाटली वर काढली आणि इकडंतिकडं बघत कमरेच्या फडक्यातली चिमूटभर माती तिच्यात सोडली. मग बूच घट्ट दाबलं. सलग दुसरा पावसाळा त्याचा हाच उद्योग चालला होता.

सेहेचाळीस साल होतं. सातारच्या डोंगरातल्या त्या नदीवर विजेचं धरण बांधायचं घाटत होतं. पाहणीला आलेले ओव्हरसियर विष्णुपंत रोज नदीचं पाणी मागवायचे, बाटल्या आठवडाभर फळीवर ठेवायचे आणि तळाला बसलेला गाळ मोजून वहीत लिहायचे. त्यांनीच एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं, गाळ फार असला तर धरण चार वर्षांत भरून जातं.

गुंडाला तेवढं पुरे झालं. त्याचं घर, भाताची खाचरं, सगळं गावच पाण्याखाली जाणार होतं. लेक सुला तेवढी वरच्या वाडीत दिलेली. तिथवर पाणी पोचणार नव्हतं. जीव थोडा निवायचा तो तेवढ्यावरच.

दसऱ्यानंतर विष्णुपंतांनी वही मिटली.

"तुझी नदी फार माती आणते रे. धरली होती त्याच्या दुप्पट."

"मंग धरन न्हाई व्हनार, सायेब?"

"होणार की. गाळाला तळाशी जागा सोडायची आणि तेवढी भिंत उंच घ्यायची. पंधरा फूट वाढवली."

"आन् पानी?"

"तेही तेवढंच चढणार. उद्या वरच्या वाडीत खुणा करायच्यात. चुन्याची बादली तूच घे."

गुंडा त्या रात्री जेवला नाही. कुणाला सांगणार, आणि काय सांगणार?

सकाळी विष्णुपंतांनी दुर्बिणीतून बघत हात वर केला. पाण्याची रेघ सुलाच्या घराच्या भिंतीवर, दाराच्याही वर येत होती.

सुला ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली. बापाच्या हातातला कुंचला बघून थबकली.

"आवं आबा, आमचं घर कसं काय? हितवर पानी येत न्हाई म्हनलं हुतं न्हवं?"

गुंडानं चुन्याची बादली भिंतीशी टेकवली.

"सायबाला सांगा की. तुमचं ऐकत्यात त्ये."

"ऐकलं की," गुंडा म्हणाला आणि त्यानं कुंचला चुन्यात बुडवला.