रिकाम्या काट्याचं वजन

सुई अर्ध्या किलोवर होती आणि काट्याला काहीच टांगलेलं नव्हतं. नुसता हूक, हुकाखाली हवा, हवेखाली सारवलेली जमीन—आणि तबकडीवरची ती काळी सुई शून्य सोडून अर्ध्या किलोवर, पाहुण्यासारखी अवघडून नाही, चांगली घरच्यासारखी पाय पसरून... विजयाला वाटलं, या 'काही नाही'चंही एक कार्ड भरून टाकावं. नाव : काही नाही. आईचं नाव : कुणास ठाऊक. वजन : अर्धा किलो. प्रकृती : समाधानकारक, निदान घट तरी नाही. वय—वयाच्या रकान्याशी ती अडली. ते नंतर भरता येईल. सावरगावच्या तिच्या अंगणवाडीत बत्तीस पोरं होती, हे तेहतिसावं. सगळ्यांत शहाणं, रडत नाही, दलिया सांडत नाही, नाक पुसावं लागत नाही.

"टांगू काय बाई?" वच्छला दारातून म्हणाली. कापूस वेचायला जायची घाई, ओटीचं फडकं आधीच कमरेला बांधलेलं, आणि कडेवर पुष्पी—दोन वर्षांची, आईच्या कमरेला पाय आवळायचेही विसरलेली.

झोळीत घातल्यावर पुष्पी रडली नाही. हेच विजयाला आवडलं नाही. रडणारं पोर काट्याला झोके देतं, सुई नाचते, पोराला धरून ठेवावं लागतं. पुष्पीला टांगलं आणि सुई सरळ साडेसातावर जाऊन उभी राहिली.

"किती?"

"साडेसात."

"मांगच्या डावाले पावनेआठ होती ना? मंग आता तं डाक्टरची चिठ्ठी भेटते?"

"सव्वासाताच्या खाली पाहिजे."

"आनखी खाली?" वच्छलानं लेकीकडे असं पाहिलं, जणू पोट्टीनंच हट्टानं तो पाव किलो कुठंतरी लपवून ठेवलाय.

सव्वासाताच्या खाली तिसरी श्रेणी. तिसऱ्या श्रेणीला दुप्पट दलिया, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी, आणि तिथवर न्यायला जीप. सव्वासाताच्या वर सल्ला. साडेसातातून रिकाम्या काट्याचा अर्धा वजा केला की सात—हे पहिलीतल्या पोराला जमलं असतं. मलाही जमत होतं, विजया मनात म्हणाली. पण कार्डावर लिहायचं ते काट्याचं, मनाचं नाही, असं प्रशिक्षणात तीनदा सांगितलं होतं आणि चौथ्यांदा भिंतीवरच्या परिपत्रकात : साहित्यात परस्पर दुरुस्ती करू नये. काट्याच्या डोक्यावर एक स्क्रू होता. त्याला खाच होती, चवन्नी बरोबर बसेल एवढी. अर्धा वेढा फिरवला की संपलं.

"मी आजच ऑफिसात जाऊन येतो," विजया काटा खुंटीवरून काढत म्हणाली. "काटा घेऊनच जातो. पाहू दे त्याइले. तुमी वावरात जा, पुष्पीले माह्या मायपाशी ठेवा."

"चिठ्ठी आनसान ना पर?"

"आनतो."

हे तिनं इतक्या ठामपणे म्हटलं, की पूल येईपर्यंत ते तिला स्वतःलाच खरं वाटत राहिलं. पिशवीत काटा पावलागणिक मांडीला लागत होता. जाम नदीच्या पुलावर संत्र्यांचा ट्रक अडकलेला, खाली पाणी ओसरलेलं, पात्रात दगडच दगड—पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दोन्ही काठांनी एकमेकांवर फेकलेले, कुठला पांढुर्ण्याचा आणि कुठला सावरगावचा, आता कुणाला ओळखू येणार नाही... त्या दिवशी धाकटा भाऊ विनायक बोरीभर दगड घेऊन घरी आला आणि—ते नको. आधी काय बोलायचं ते ठरवू. साहेब, मी म्हणणार, तुमच्या काट्यात काही नाहीचं वजन अर्धा किलो भरतं आणि पोरीचं भरत नाही, तर नेमकं कुणाला जगवायची योजना आहे ही? नाही, असं नको. असं बोललं की ते हसतात. विजयाची ही जुनी पंचाईत होती. ती रागावली की तिला गमतीदारच वाक्यं सुचत, आणि लोक म्हणत, अलकाची बहीण मोठी मजेची आहे. अलका शहाणी, ती लग्न करून सौसरला गेली, ही मजेची इथं राहिली.

पांढुर्ण्याचं बालविकास ऑफिस म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मोरेश्वरबाबू संत्रं सोलत बसले होते. त्यांनी काटा खिडकीच्या गजाला टांगला, चष्मा वर केला, खाली केला, आणि आदरानं म्हणाले, "हाय ना बाप्पा अर्धा किलो!"

"तेच तं सांगून राहिली मी. स्क्रू फिरवा, नाईतं मले फिरवाची परवानगी द्या."

"आनि मंग? पोट्टे किती तुमचे?"

"बत्तीस."

"बत्तीसचे अर्धे सोळा." त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "म्हंजे एका दिवसात सावरगावातून सोळा किलो पोट्टे गायब. वरून पत्र येईन, कुठी गेले म्हनून. म्या काय उत्तर देऊ? सोळा किलो म्हंजे दोन पोट्टे झाले, बाई. हे तं पोलिसात रिपोर्ट करा लागते."

विजयाला विनोद ओळखता येत. हा विनोद नव्हता. मोरेश्वरबाबूंच्या कपाळावर खरोखर काळजी होती, त्या दोन हरवलेल्या पोरांची.

आतून साहेब आले. तरुण, सभ्य, भोपाळकडचे. बाईमाणसाशी बोलताना पेन बंद करून खिशाला लावणारे. त्यांनी सगळं ऐकलं. पुष्पीचं नाव विचारलं, वय विचारलं, कार्डावरची खाली उतरणारी रेघ बोटानं निरखली.

"देखिए, पाव-डेढ़ पाव की ही तो बात है," ते मायेनं म्हणाले. "अगले महीने तक अपने आप कम हो जाएगा. फिर नियम से तीसरी श्रेणी में ले लेंगे. आप चिंता मत कीजिए. चाय लेंगी?"

अपने आप कम हो जाएगा, म्हणजे फक्त वाट पाहायची, काही करायचं नाही, पोरगी स्वतःच हळूहळू नियमात बसत जाईल, एक एक दिवस, दंड, मांड्या, गालाचं उरलंसुरलं, आणि ती पुरेशी नाहीशी झाली की मग जीप, मग चिठ्ठी, मग दुप्पट दलिया, आणि तो गिळायला तोंड उरलं नसेल तर तोही नियमानंच परत... हे पेन फेकावं. ही संत्र्याची सालं यांच्या तोंडात कोंबावीत. यांनाच त्या झोळीत घालून टांगावं आणि म्हणावं, साहेब, श्रेणी सामान्य, जा घरी. विजयाच्या तोंडून एवढंच निघालं, "चहा नको."

"मंग अर्ज लिहून द्या," मोरेश्वरबाबूंनी कोरा कागद पुढं केला. "काटा कवापासून बिघडला, तारीख टाका. आपल्याइकडून तं तो शून्यावर गेलता. हे पाहा, तपासून घेतला म्हनून सही हाय तुमची. जुलै."

सही तिची होती. शेवटच्या अक्षराला तिची ती ऐटबाज शेपटी.

"कवापासून, बाई?"

'काही नाही'च्या कार्डावरचा तो वयाचा रकाना.

"उद्या देतो अर्ज," ती म्हणाली, आणि काटा गजावरून इतक्या जोरात ओढला की साहेबांनी पेन पुन्हा खिशातून काढलं.

परतीच्या वाटेवर तिनं पुलाखाली पाहायचं नाही असं ठरवलं, आणि पाहिलं. गोटमारीची सकाळ. विनायक आणि त्याचा दोस्त अरविंद, दोघांच्या दोन बोऱ्या, आणि वाद—कुणाचे दगड जास्त. "ताई, तुहा काटा दे ना." चावी माझ्यापाशी होती. काटा मी काढला. खुंटीला मी टांगला, आणि मीच ओरडले, आधी विनायकचं पोट्टं! बोरी हुकाला लागली तशी सुई पंचवीसवर जाऊन आपटली, आतून कर्र असं काहीतरी झालं, पोरं खिदळली, आणि मी खरोखरचं कार्ड काढून त्यावर लिहिलं : नाव—दगड, बाप—विनायक, प्रकृती—उत्तम. सगळी गल्ली हसली. दुपारी विनायकचं कपाळ फुटलं, तीन टाके पडले, आणि त्या घाईत काट्याकडे कोण पाहतं? पण सप्टेंबरात पाहिलं होतं. ऑक्टोबरातही. सुई शून्याच्या पुढं आहे हे दिसलं होतं, आणि वाटलं होतं... काय वाटलं होतं? असेल. पोरं थोडी जड भरतात, तर बरंच दिसतं.

घरी आई पुष्पीला भरवत होती. पुष्पी घास गालात धरून बसली होती.

"काय म्हने ऑफिस?" आईनं विचारलं.

"नाई म्हने."

हे म्हणताना तिला ऐकू आलं, की आपल्या आवाजात कुठंतरी सुटका झाल्यासारखं आहे. ती तशीच उभी राहिली. चवन्नी सकाळीही होती. सप्टेंबरातही होती. दार लावून अर्धा वेढा, कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि कळतं, तर विचारलं असतं, कधीपासून? म्हणून मी पूल ओलांडून गेले. नाही म्हणवून घ्यायला गेले. त्यांनी म्हटलं, आणि मला त्यांच्यावर रागावता आलं, किती छान रागावता आलं...

राग अजून होता. साहेबांचा चहा, सोळा किलोची पोरं, सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त आता ते एकटं नव्हतं.

तिनं पुष्पीला उचललं, पाठीमागच्या अंगणवाडीचं कुलूप काढलं, काटा खुंटीला लावला. सुई अर्ध्यावर. कनवटीची चवन्नी काढून तिनं स्क्रूच्या खाचेत बसवली—बरोबर बसली. फिरवली, तर बत्तीस कार्डांवरच्या बत्तीस रेघा एकदम खाली येतील आणि तीन महिन्यांचं विचारायला ते पुलावरून येतील, साहेब, मोरेश्वरबाबू, मागून कदाचित वच्छला, कमरेचं फडकं न सोडता. काय सांगायचं? काहीतरी गमतीदार सुचेल म्हणून ती वाट पाहत राहिली. सुचलं नाही. पहिल्यांदाच काही म्हणजे काही सुचलं नाही. कडेवर पुष्पी होती, आणि एका हातानं दोन वर्षांच्या पोरीला धरून दुसऱ्यानं नाणं दाबून उभं राहणं किती सोपं जातंय, दंड जराही भरून येत नाही, हे विजयाच्या हळूहळू लक्षात येत गेलं.