चाळीस चिंध्यांचे झबले

अनारकानच्या संदुकीची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्याला असे. त्यामुळे गावातल्या नव्या सुनांना वाटायचे की म्हातारीने आत चांदी दडवली आहे. आत होत्या चिंध्या. वीतभर लांब, चार बोटे रुंद, एका जुन्या रुमालात बांधलेल्या.

गावात कुणी पिकल्या वयात गेले की घरची माणसे नवे कापड आणून फाडतात आणि आलेल्या बायकांना एकेक तुकडा देतात. घेणारी तो कपाळाला लावते, आम्हालाही एवढे आयुष्य मिळो म्हणते आणि घरी नेऊन कशात तरी शिवते. अनारकानने उभ्या जन्मात अशा तुकड्यांच्या कितीतरी गोधड्या शिवल्या. चाळीसेक तुकडे मात्र तिला शिववले नव्हते. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नजर अधू झाली होती, पण बोटांना सगळे कळे. हे हिरवे मखमल सादिर मेंढपाळाचे, नव्वदीतसुद्धा घोड्यावर कुणाचा हात न धरता चढायचा. हे फुलाफुलांचे चीट मास्तरांच्या आईचे. आणि सगळ्यांत तळाशी निळे सॅटिन. ते तिच्या स्वतःच्या आईचे, रुम्कानचे. नऊ मुले वाढवून, सगळी मार्गी लावून अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेली. अनारकान त्या नवांतली शेंडेफळ. एकतीस वर्षे झाली, त्या निळ्या तुकड्याला तिने सुईचे टोक लागू दिले नव्हते.

आज तो शिवायचा होता. नातू एरबोल उद्या चाळीस दिवसांचा होणार होता. उद्या त्याला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालायचे आणि चाळीस घरांच्या चिंध्यांचे झबले अंगात चढवायचे. एकोणचाळीस चिंध्या गावातून येतील. चाळिसावी, मानेमागे बसणारी, रुम्कानची. हे तिने नातवाचे रडणे पहिल्यांदा ऐकले तेव्हाच मनाशी ठरवून टाकले होते.

सकाळी तिने रुमाल सोडून तुकडे उन्हात मांडले, कुरवाळले, पुन्हा बांधले आणि गाठोडे संदुकीवर ठेवले. मग सात वर्षांच्या नातीला हाक मारली. मेरिम आली ती एका पायात बूट घालूनच. अनारकानला घरात सगळे आपा म्हणत.

"आपा, सुईत दोरा ओवू?"

"दोरा नंतर. आधी गावातनं चिंध्या मागून आण. प्रत्येक घरातून एक. काय म्हणशील?"

"आमच्या बाळाला चाळीस दिवस झालेत, एक चिंधी द्या."

"आणि नमस्कार?"

"नमस्कार आधी!"

"शहाणी माझी. आणि हे बघ, रिकाम्या हातानं कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, कळलं?"

हे अनारकान दिवसातून दहादा म्हणे. तिच्या मनात होते कढईतले बोर्सोक. सून नुरझात आत तेच तळत होती. पिठाचे ते फुगलेले तुकडे एका पिशवीत घालून द्यायचे, एवढेच. तेवढ्यात एरबोल रडायला लागला, सून कढई सोडून पाळण्याकडे धावली, म्हातारी कढईकडे धावली, आणि पिशवीचे राहूनच गेले.

मेरिम मात्र विसरली नव्हती. ती दारात उभी राहून विचार करत होती, न्यायचे तरी काय. आणि संदुकीवरचे गाठोडे तिला दिसले. वसंतात म्हातारा झुमाबेक गेला तेव्हा त्याच्या घरी बायकांना चिंध्या वाटताना तिने पाहिले होते. त्या कशा दोन्ही हातांनी घेत होत्या, कशा कपाळाला लावत होत्या! बोर्सोक काय, सगळ्यांच्याच घरी असतात.

दुपारचा चहा ओतत असताना अनारकानच्या कानावर रस्त्यावरून आक्रोश आला. शेजारीण गुलबुबू येत होती. दोन्ही हात कमरेवर, डोक्याला पांढरा रुमाल, आणि सूर थेट डोंगराला भिडणारा.

"अगं माझ्या अनारकान एजे, माझ्या थोरल्या बहिणी, सोन्याच्या बोटांची तू, तुझ्यासारखा टाका या खोऱ्यात पुन्हा कोण घालणार गं!"

अनारकान किटली हातात घेऊनच दारात आली. गुलबुबूचे डोळे मिटलेले होते. रडताना मिटायचेच असतात.

"लोण्यासारखं मन तुझं, कधी कुणाला उणं बोलली नाहीस गं!"

"कधीच नाही?" अनारकानने विचारले. "परवाच तर तुला म्हटलं, की तुझी जाजमं कडेला वाकडी होतात म्हणून."

गुलबुबूने डोळे उघडले. ती मागे सरली, मग पुढे झाली आणि तिने अनारकानचा दंड चिमटीत धरून पाहिला.

"गरम आहेस."

"चहा ओततेय, गरमच असणार. थांबलीस का? सोन्याची बोटं, तिथपासून पुन्हा म्हण. तीस वर्षं माझ्या टाक्यांना नावं ठेवलीस, आज पहिल्यांदा चांगलं ऐकायला मिळतंय."

"मेले मी!" गुलबुबू उंबऱ्यावरच बसली. "मग तुझी नात दारोदार चिंध्या कशाला वाटतेय? म्हणते, आमच्या आपाच्या आहेत, घ्या. हातात हिरवं मखमल ठेवलं माझ्या. तुझं वय झालेलं, घरातनं कापड निघालेलं, माणसानं समजायचं तरी काय? माझा नवरा तर तुमच्याकडे मयताचा तंबू ठोकायला माणसं गोळा करायला गेलाय!"

नुरझात पाळण्यापाशी हसू दाबत होती, पण सासूचा चेहरा पाहून ते हसू विरले. अनारकानने किटली खाली ठेवली आणि संदुकीकडे पाहिले. झाकणावर काहीच नव्हते.

थोड्या वेळाने मेरिम आली. पाठीवर फुगलेली पिशवी, गाल लाल.

"आपा, सगळ्यांनी दिल्या! काहींनी रडत रडत दिल्या. का गं रडत होत्या?"

अनारकान खाली बसली. तिने नातीला जवळ ओढले आणि तिच्या केसांत अडकलेली गवताची काडी काढली. आवाज चढला नाही.

"तळाशी निळा तुकडा होता. तो कुणाला दिलास?"

"शाकान आजीला. ती सगळ्यांत म्हातारी ना? म्हणून सगळ्यांत छान तिला."

"आपा, मी जाऊन मागून आणते," नुरझात म्हणाली. "पोरीची चूक, त्यांनाही कळेल."

"दिलेलं आयुष्य मागायला जातात का, सूनबाई?" अनारकान म्हणाली. "तिनं ते कपाळाला लावलं असेल. ते आता तिचं झालं."

गुलबुबूने झग्याच्या खिशातून हिरवे मखमल काढले आणि पुढे केले. अनारकानने मान हलवली. गुलबुबूने ते लगेच आत ठेवून दिले. तिला ते आवडले होते.

दोघी सासूसुनांनी पिशवी जाजमावर ओतली आणि चिंध्या मोजल्या. एकोणचाळीस भरल्या. मेरिमला काही कळले नाही, पण काहीतरी बिनसले एवढे कळले. ती बूट न काढताच कोपऱ्यात बसली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली.

अनारकानने थोडा वेळ सुई हातात धरली. एकोणचाळीस चिंध्या पुढ्यात होत्या. चाळिसावी कुठलीही चालली असती. नुरझातच्या जुन्या झग्याची, पडद्याची. झबले ते झबलेच. सुई तिने परत उशीत खोचली. बोर्सोक रुमालात बांधले, काठी घेतली.

"नुसती बघून येते," ती म्हणाली. "कपाळाला लावलंय का, एवढंच."

शाकानचे घर गावाच्या वरच्या टोकाला, पॉपलरच्या झाडांच्या रांगेपलीकडे. दोघींचे माहेर एकाच गावात, खिंडीपलीकडे. शाकान दहा वर्षांनी मोठी. तिला आता दिसत नव्हते म्हटले तरी चालेल. ती भिंतीला टेकून उन्हात बसली होती, आणि निळा तुकडा जाकिटावर, छातीशी, टाचणीने टोचलेला होता.

"कोण? काठी अनारकानची वाटते."

"मीच, एजे."

"जिवंत आहेस होय? मी मघाशी तुझ्या नावानं दुवा म्हणून टाकली. आता परत घ्यायची कशी?"

"राहू दे. पुढं लागेलच."

शाकान दात नसलेल्या तोंडाने खदखदून हसली. तिच्या नातसुनेने चहा आणला. दोघींनी बोर्सोक चहात बुडवून खाल्ले. अनारकानचे डोळे त्या निळ्या तुकड्यावरून हलत नव्हते. शाकानची बोटेही तिथेच होती.

"तुझी नात म्हणाली, आपाच्या गाठोड्यातलं सगळ्यांत तळाचं, निळं," शाकान म्हणाली. "तळाशी काय जपतेस ते तूच तर कितीदा सांगितलंस. रुम्कान काकीचं सॅटिन. माझ्या पहिल्या गोधडीचा पहिला टाका काकीनं घालून दिला होता. ती गेली तेव्हा खिंडीत कमरेएवढं बर्फ. तुला तुझा भाऊ बर्फ पडायच्या आधीच घेऊन गेला होता. मी तीन दिवस घोड्याला खोगीर घालून वाट बघितली, बर्फ काही हटलं नाही. मला चिंधी मिळाली नाही. एकतीस वर्षं टोचत होतं बघ. आज मिळाली."

अनारकानने चहाची वाटी उपडी ठेवली. आता काय मागणार? तिने गुडघ्यावर हात टेकले आणि उठली.

"येते, एजे."

"बस. आली कशाला होतीस?"

"अशीच."

"अशीच म्हणून तुझे गुडघे एवढा चढ चढत नाहीत. आणि तू चहा पिताना एक शब्द बोलली नाहीस. तू! बोल."

मग अनारकानने सांगितले. नातवाचे, झबल्याचे, मानेमागच्या जागेचे. सांगताना दोनदा म्हणाली, तू देऊ नकोस हं, मी मागत नाहीये. शाकान ऐकत होती. ऐकता ऐकता तिने टाचणी काढली, तुकड्याची कड चाचपली आणि काठ ओठांपाशी नेला.

"अगं एजे, काय करतेस!"

"दात नाहीत, हिरड्या आहेत," शाकान म्हणाली. पण हिरड्यांनी जमेना. "ये, दुसरं टोक धर."

"एकतीस वर्षं मी याला सुई नाही लावली!"

"मग एकतीस वर्षं चुकलीस. काकीच्या घरी हे थानातनं फाडलं तेव्हा कुणी हळहळलं का? हे फाडण्यासाठीच आणतात. धर म्हणते ना!"

अनारकानने टोक धरले. शाकानने ओढले. चर्र आवाज झाला, आणि अनारकानने डोळे मिटून घेतले. उघडून पाहते तर दोघींच्या हातात एकेक निळी पट्टी होती. दोन बोटे रुंद, कडा धाग्याधाग्यांनी सुटलेल्या. वाईट काहीच झाले नव्हते.

शाकानने आपली पट्टी पुन्हा छातीला टोचली. "जा आता. ऊन आहे तोवर शिव. आणि तळलेलं छान झालंय, सुनेला सांग. मीठ मात्र कमी आहे."

उतरताना अनारकानला गुलबुबूचा नवरा भेटला. मागे चार माणसे, खांद्यावर तंबूच्या काठ्या. तिला पाहून ते जागच्या जागी थांबले.

"उद्या या," ती म्हणाली. "बाळाचे चाळीस दिवस आहेत. काठ्या घरी ठेवून या."

घरी मेरिम अजून कोपऱ्यातच होती. अनारकान खिडकीशी बसली.

"सुईत दोरा कोण ओवणार? माझ्या डोळ्यांना भोक दिसत नाही."

मेरिम उडीच मारून आली. ऊन जाजमाच्या कडेवर येईपर्यंत एकोणचाळीस चिंध्या जोडून झाल्या. बाह्या वाकड्या झाल्या, एक आखूड झाली. गुलबुबू येऊन बघून गेली आणि म्हणाली, "टाके नेहमीसारखेच." अनारकान म्हणाली, "दुपारी वेगळं बोलत होतीस."

शेवटी निळी पट्टी मानेमागे बसवली. जागा तळव्याएवढीच, पट्टी जास्त लांब. बोटभर उरली. मेरिमने ती उरलेली शेपटी बोटाने चाचपली, मग हात पटकन मागे घेतला.

"आपा, ही आता संदुकीत?"

अनारकानने निळी शेपटी दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि ओढली. चर्र. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

"घे," ती म्हणाली. "ही तुझी. आधी काय करायचं?"

मेरिमने चिंधी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. मग आपला गोळ्यांचा पत्र्याचा डबा आणला, उरलेल्या दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि चिंधी डब्यात ठेवून झाकण दाबले.

"किल्ली पाहिजे," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

अनारकानने गळ्यातला दोरा काढला आणि तिच्या गळ्यात घातला. संदूक आता रिकामीच होती, उघडी राहिली तरी चालणार होते.