उलटपिळ्यांच्या पाटीवर कोण

आमचं आडनाव उलटपिळे. हसून घ्या, मी थांबते.

झालं? वर्गात मला ‘उलटी’ म्हणतात. नवीन शिक्षक हजेरी घेताना माझ्यापाशी येऊन अडखळतात आणि चष्म्यावरून बघतात. पूर्वी मी मान खाली घालायचे. आता उभी राहून खणखणीत सांगते, “उलटपिळे! उलटा पीळ देणारे. आम्ही दोरवाले.”

बाबांचा दोरांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबच लांब, बोळासारखी खोली. एका टोकाला घरघरणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला रस्त्यावर उघडणारं दार आणि दारात टांगलेली दोरांची भेंडोळी. घरात सांगतात ते असं, की आमचे कुणी खापरपणजोबा डावरे होते. दोर वळताना त्यांचा हात दुसऱ्या बाजूला फिरायचा. सगळ्यांच्या दोराचा पीळ उजवीकडे चढतो, त्यांच्या दोराचा डावीकडे चढायचा. लोकांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं.

एका वेबसाइटवर आडनाव टाकलं की त्याचा उगम, अर्थ आणि लोकप्रियता सांगतात. माझ्या मैत्रिणीच्या आडनावाला पानभर इतिहास निघाला, अगदी घोडे-तलवारींसकट. माझं टाकलं तर आलं, “उगम: माहिती नाही. अर्थ: माहिती नाही. लोकप्रियता: नोंद घेण्याइतकी नाही. तुम्हाला दुसरं काही शोधायचं होतं का?”

दुसरं काही? मी अशी पेटले की खाली खापरपणजोबांची सगळी कथा लिहिली आणि पुरावा म्हणून दुकानाच्या पाटीचा फोटोही टाकला.

महिन्याभरातच एक अनोळखी काका दारात आले.

उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत कातडी बॅग. आधी त्यांनी पाटी वाचली. मग दारातला एक दोर हातात घेतला, अंगठ्यानं पीळ चाचपला आणि कपाळाला आठी घातली.

“तुम्हीच उलटपिळे?” त्यांनी बाबांना विचारलं.

“हो.”

“मीही.”

बाबा विरघळलेच. त्यांना एकच बहीण होती, माझी आत्या. ती गेल्यापासून ते म्हणायचे, की आता आपलं असं कुणी उरलं नाही. त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले, स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसली आणि पाच मिनिटांत त्यांना ‘दादा’ करून टाकलं. राहायला घरीच चला म्हणाले. दादाही लगेच तयार.

मला पहिल्या क्षणापासून खटकलं. आमचं आडनाव सांगून घरात शिरायला काय लागतं? पाटीचा फोटो तर मीच जगाला दाखवला होता! शिवाय माणूस बॅग खाली ठेवायचा नाही. जेवतानासुद्धा मांडीशी. आणि प्रश्न किती! कारखाना कुणी काढला? त्याआधी कुठे होतात? तुमचे आजोबा कुणाकडून शिकले? आपण काही विचारलं, की त्यावर पुन्हा त्यांचाच प्रश्न. भिंतीवरचा आजोबांचा फोटो त्यांनी खिळ्यावरून काढून मागून पाहिलेला मी दाराआडून बघितला. मागे काय असणार? कोळ्याचं जाळं.

“आई, हा माणूस गडबड आहे,” मी म्हटलं.

बाबा भडकले. “रक्ताचं माणूस आहे ते!”

“तपासून घ्या मग,” आई म्हणाली. ती दवाखान्यात काम करते. “आमच्याकडे सोय आहे.”

इथपर्यंत गंमत होती. पण शनिवारी नवीन पाटी रंगवायची होती. दहावी झाल्यावर मी कारखान्यात शिकणार म्हणून बाबांनी वर्षभरापूर्वीच कबूल केलं होतं, की नव्या पाटीवर ‘उलटपिळे आणि कन्या’ लिहायचं. मी वहीच्या मागच्या पानांवर ती अक्षरं किती वेळा काढली असतील! आणि शुक्रवारी बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “कन्या काय, पुढच्या वेळीही लिहिता येईल. आत्ता ‘आणि बंधू’ लिहावं म्हणतो.”

मी वही मिटली. ठरवलं, आता या काकांचं पितळ उघडं पाडायचं.

शनिवारी पाटीवाला रंगाचे डबे घेऊन आला, शिडी लावली. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, “काका, पाटीवर नाव लागायच्या आधी एक दोर वळून दाखवा ना. हातानं.”

“अगं, पाहुण्यांना काय कामाला लावतेस!” बाबा ओरडले.

“दाखवतो की,” काका म्हणाले.

कोपऱ्यात हातानं दोर वळायचा जुना हातदांडा धूळ खात पडला होता. काकांनी बॅग स्टुलाखाली ठेवली आणि तिच्या पट्ट्यावर पाय दिला. पाय! सुताचे पेड दांड्याच्या आकड्यांत अडकवले, दुसरी टोकं माझ्या हातात दिली आणि डाव्या हातानं दांडा फिरवायला लागले. बघता बघता हातभर दोर तयार झाला. घट्ट, गुळगुळीत. पीळ डावीकडे चढलेला.

माझा चेहरा पाहून पाटीवाला खुदकन हसला.

“आता तुम्ही वळा,” काका बाबांना म्हणाले. आवाजात मघाचा गोडवा नव्हता.

बाबांनी हसत दांडा धरला. फिरवला. दोर झाला. उजवीकडे चढलेला, कुठल्याही दुकानात मिळतो तसा.

तेव्हा कुठे काकांनी बॅग उघडली. आतून वीतभर जुना दोर काढला, हाताळून हाताळून काळा पडलेला. “माझ्या आजोबांनी वळलेला. पाटीचा फोटो पाहिला, वाटलं, आपलं कुणीतरी आहे जगात. आलो, तर दारात सगळा सुलटा माल! आडनाव उलटपिळे आणि एक दोर उलटा नाही? रोज वाट बघतोय, कुठेतरी खूण सापडेल. नाही सापडली. खरं सांगा, हे नाव तुमचंच आहे, की कुणाचं उचललंय?”

घ्या! मी त्यांच्यावर नजर ठेवून, आणि ते आमच्यावर!

“यंत्र...” बाबा चाचरले. “माझ्या वडिलांनी यंत्र आणलं. ते एकाच बाजूला फिरतं. मी शिकलो तेच त्याच्यावर.”

“यंत्राच्या आधीचा एखादा तुकडा असेल?”

“विकायला केलेला माल, दादा. जपून कोण ठेवतंय?”

शिडीवरून पाटीवाल्यानं विचारलं, “मग मी नुसतं ‘दोरवाले’ लिहू का?”

बाबा स्वतःच्याच दुकानात चोर म्हणून पकडले गेल्यासारखे उभे होते. काकांना वाट्टेल ते बोलावंसं वाटलं मला, पण पुरावा कुठला देणार? मी रागानं पाठ फिरवली आणि तरातरा आत निघाले.

“थांब!” काका ओरडले. “वळू नकोस. ही वेणी कुणी घातली?”

“मी. रोज मीच घालते.” माझी वेणी दोन पेडी असते, पिळाची. मैत्रिणी घालून बघतात, पण त्यांचा पीळ दुसरीकडेच जातो, म्हणून त्यावरूनही मला चिडवतात.

“शिकवली कुणी?”

“आत्यानं.”

“आणि आत्याला?”

“तिच्या आत्यानं,” उत्तर बाबांनी दिलं. “आमच्याकडे मुलींना आत्याच वेणी घालायला शिकवते. आम्ही कधी नीट पाहिलंसुद्धा नाही.”

काकांनी तो काळा दोर माझ्या पाठीवर वेणीशेजारी धरला. मला दिसत नव्हतं. फक्त बाबांचा श्वास अडकलेला ऐकू आला आणि पाटीवाला शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरला.

“डावीकडे,” तो म्हणाला. “दोन्ही डावीकडेच.”

“माझी आत्यासुद्धा अशीच घालायची,” काका म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली. बाबांनी रुमाल काढला. या वेळी खुर्चीसाठी नाही.

“अहो, रंग सुकतोय,” पाटीवाला कुरकुरला. “बंधू की कन्या?”

बाबांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “उलटा पीळ या घरात तिच्याकडे आहे. पण वेणी घालता येते म्हणून दोर वळता येतो असं कोण म्हणतं? आधी बघू दे.”

संशयी मेला!

मी दांडा धरला. बाबांनी पेडांची टोकं धरली. पहिला दोर सुटून त्यांच्या नाकावर आपटला. मग मी डोळे मिटले आणि आरशासमोर सकाळी केसांना देते तसा पीळ दिला. दुसरा जरा गाठाळ झाला, एका जागी पोट आलं, पण डावीकडे चढला. काकांनी अंगठ्यानं चाचपला. आठी घातली नाही.

“लिहा, ‘कन्या’,” बाबा पाटीवाल्याला म्हणाले.

काका ‘क’ नीट येतोय का ते बघायला रस्त्यावर गेले. जाताना बॅग उचलून पुन्हा काखेत मारली. आता तिच्यात काय उरलं होतं लपवायला? मीही त्यांच्या मागोमाग गेले. पाटी वाळेपर्यंत मी त्या बॅगेवरची नजर हलवली नाही, आणि त्यांनी माझ्या वेणीवरची.