डबिंगला बघू

गुरुवारी अरुणाचा आवाज जाणार होता. जाणार म्हणजे कायमचा. कॅन्सर स्वरयंत्रातच होता. सर्जनबाईंनी टेबलावर प्लॅस्टिकचा गळा ठेवून, काय काढणार, भोक कुठं ठेवणार, सगळं दाखवलं. निघताना म्हणाल्या, त्याआधी व्हॉइस रेकॉर्ड करून ठेवा. राहून गेलं की घरच्यांना फार लागतं.

"ते माझ्यावर सोडा," तिचा नवरा विलास म्हणाला.

आणि का नाही म्हणणार? बावीस तमिळ सिनेमांचा कॅमेरा केला होता त्यानं. कोल्हापूरचा पोरगा, चेन्नईला उतरला तेव्हा पाणी मागायलासुद्धा हातवारे करायचा. पण उजेड कळायचा. एका हिरॉइनचं नाक बसकं, दुसरीच्या डोळ्यांखाली काळं, विलास सारनं लाइट लावला की दोघी देवीसारख्या. मग त्याच्या डोक्यात शिरलं, आपण डायरेक्टर व्हायचं. पहिला सिनेमा धो धो चालला. पुढचे तीन असे आपटले की धूळ खाली बसेना. लोक म्हणायचे, फ्रेम भिंतीवर लावावी अशी, पण आतली माणसं मेलेली. खोटं नव्हतं ते. नट जीव तोडून रडायचा आणि हा बघायचा, अश्रू चमकतोय का. चौथ्यानंतर फोन वाजायचे बंद झाले. दोघं मुलीकडे कॅनडात, मिसिसागाला आली, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तो चौदाव्या मजल्यावरून पार्किंग लॉटवरचं ऊन बघायचा आणि घरातल्यांवर खेकसायचा.

अरुणा तंजावरची मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. ती डबिंग करायची. मुंबईहून आलेल्या गोऱ्या पोरी सेटवर नुसते ओठ हलवायच्या. थिएटरात हसायची, रडायची, नवऱ्याला झापायची ती अरुणा. पडद्यावर तिचं नाव कधी लागलं नाही. म्हणजे आवाज साठवलेला चिक्कार होता. पण सगळा दुसऱ्या बायकांच्या तोंडात, दुसऱ्यानं लिहिलेला, तमिळमधला. स्वतःचं असं एक वाक्य कुठं नव्हतं. नात शिवांगी आठ वर्षांची. तिला तमिळ शून्य, मराठी कळायची, अक्षर लावून लावून वाचताही यायची, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये.

"मला तिच्याशी तिच्या लग्नापर्यंतचं बोलायचंय," अरुणा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दहा मिनिटांत बसवा."

दहाच मिनिटं, कारण तेवढंच चालायचं. दहा मिनिटं बोलली की नुसती हवा यायची आणि पुढं दोन-दोन दिवस काही नाही. म्हणून शुक्रवारपासून ती गप्प बसून होती. आवाज वाचवत होती, रविवारसाठी.

रविवारी जावयानं, परीक्षितनं, आपला कॅमेरा काढून दिला. परीक्षित नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. सोबत एक इवलासा माइकही दिला.

"बाबा, हा आईंच्या पदराला क्लिप करा. ऑडिओ क्लीन येईल."

"कांजीवरमवर हे झुरळ बसवू?"

"दिसू द्या ना, बाबा. आवाज इम्पॉर्टंट आहे."

"तीस वर्षं मी तिथं काय हजामती केल्या का रे?"

"पहा बुवा, तुमचं तुम्ही," परीक्षित म्हणाला आणि शिवांगीला स्विमिंगला घेऊन गेला. अनुयाला, म्हणजे मुलीला, विलासनं ग्रोसरीला पिटाळलं. सेटवर गर्दी नको.

मग त्याच्या अंगात आलं. सोफा ओढला. खुर्चीवर पांढरी चादर टांगली. स्वयंपाकघरातला बेकिंगचा कागद दिव्याला गुंडाळला. गुडघे दुखतात म्हणून ग्लास उचलून न ठेवणारा माणूस, चार वेळा स्टुलावर चढला-उतरला. समोरच्या कॉन्डो टॉवरच्या काचांवरून ऊन उसळून आत येतं ते त्याला हवं होतं आणि नेमका ढग आला. थांबला. अरुणा पदर सावरून बसलेली. अर्धा तास. पाऊण तास. तिनं मनगटावर बोट आपटून दाखवलं.

"उजेड असा बोलावून येत नसतो," तो म्हणाला.

आला. तिच्या उजव्या गालावर असा पडला की विलास कॅमेऱ्याकडे धावलाच. "रोलिंग!"

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. विलास ज्या सेटवर वाढला तिथं शूटिंगच्या वेळचा आवाज कुणी ठेवायचंच नाही. जनरेटर, कावळे, बघ्यांची गर्दी, सगळं टाकून द्यायचं आणि मागाहून स्टुडिओत डब करायचं. म्हणून टेक चालू असताना डायरेक्टर खुशाल बडबडायचा. डावीकडे बघ, आता हळू, आता रड. कॅमेरा हातात असला की विलासचं तोंड आपोआप सुरू व्हायचं. श्वास घेतल्यासारखं. आपण बोलतोय हे त्याचं त्यालाही कळायचं नाही.

अरुणा बोलायला लागली. "शिवे, तू झालीस त्या दिवशी..."

"हनुवटी खाली. सुंदर. बोल."

तिनं हनुवटी खाली घेतली. बोलत राहिली. तो बोलत राहिला. खांदा सैल सोड. पदर. आता इकडे बघ, माझ्याकडे. वा! मधेच खाली बर्फ काढणारा ट्रक घरघरत आला. ती थांबली, त्याच्याकडे बघितलं.

"थांबू नकोस, उजेड जाईल. डबिंगला बघू!"

ती क्षणभर तशीच बघत राहिली. मग गालात हसली आणि पुढं बोलायला लागली. शेवटी त्यानं तिला खिडकीकडे वळायला सांगितलं. ती वळली, पाठमोरी झाली, आणि ऊन तिच्या पिकल्या केसांत घुसलं. ती काहीतरी म्हणत होती. मग आवाज फाटला आणि हवा उरली.

"कट! ओके!" विलास ओरडला. डोळे पुसत होता. "अरुणा, हा माझा बेस्ट शॉट. देवाशपथ."

गुरुवारी ऑपरेशन झालं. तेराव्या दिवशी ती घरी आली, गळ्याला पट्टी, हातात लिहायची पाटी. दुपारी सगळे टीव्हीसमोर बसले. परीक्षितनं क्लिप लावली; ती घरी येईपर्यंत विलासनं ती कुणाला बघू दिली नव्हती. चित्र आलं आणि अनुयाच्या तोंडून "आई गं!" निघालं. इतकी सुंदर आई तिनं बघितली नव्हती.

मग आवाज आला. हनुवटी खाली. सुंदर. बोल. खांदा. पदर. वा!

कॅमेऱ्याचा माइक विलासच्या तोंडापासून वीतभर, अरुणा दहा फुटांवर. तिचा आवाज मागं कुठंतरी, भिंतीपलीकडे कुणी पुटपुटावं तसा.

"आजोबा, स्टॉप टॉकिंग!" शिवांगी ओरडली. "आय कान्ट हिअर आज्जी!"

विलास गप्पच बसला होता. बोलत होता तो टीव्हीतला.

परीक्षितनं तीन दिवस लॅपटॉपवर काय काय सॉफ्टवेअर लावून बघितलं. एक शब्द इकडून हाती लागायचा, एक तिकडून. "नाही निघत, बाबा," एवढंच म्हणाला. माइकचं नाव काढलं नाही. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विलास अरुणाच्या पलंगाशी जाऊन बसला. "तुला तर कळत होतं. आवाजातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला थोबाडीत मारून गप्प का नाही केलंस?"

तिनं पाटी घेतली. बराच वेळ लिहीत होती.

*ट्रक आला तेव्हा सांगणार होते. पण नऊ वर्षांनी तुम्ही इतके खुशीत होतात. मधे तोडवलं नाही.*

तिनं पुसलं आणि परत लिहिलं. *टीव्ही लावा. आवाज बंद करा. वही आणा.*

दुसऱ्यांच्या ओठांवर शब्द बसवण्यात तिची उमर गेली होती. आता ती स्वतःचे ओठ बघत होती. दोन सेकंद पुढं, थांब, मागं, परत. एकेक वाक्य ती पाटीवर लिहायची आणि विलास ते वहीत उतरवायचा. शिवे, तू झालीस त्या दिवशी बाहेर इतका बर्फ की तुझा बाबा गाडीभोवतीचा उपसूनच दमला. शिवे, रागावलीस तर रागाव, पण जेवून रागाव. चार दिवस हेच चाललं. शिवांगी शाळेतून आली की वही उघडून अडखळत वाचायची, आजोबांना शब्द विचारायची.

पाचव्या दिवशी शेवटचा भाग आला. पडद्यावर अरुणा खिडकीकडे वळली. ओठ दिसेनात. नुसते केस, आणि केसांत ऊन.

विलासनं मागं घेतलं. परत लावलं. आवाज मोठा केला. "तिकडे वळ, आणखी थोडी, सुंदर, अप्रतिम," त्याचा स्वतःचा आवाज खोलीभर झाला. बंद केला.

"इथं काय म्हणालीस गं?"

अरुणानं डोळे मिटून आठवून बघितलं. खूप वेळ. मग मान हलवली.

"आठव ना. शेवटचं आहे. शेवटचंच तर आहे."

तिनं पाटी उचलली, खडू टेकवला. आणि तशीच रिकामी पाटी मांडीवर ठेवून दिली.

टीव्हीवर चित्र थांबलेलं होतं. उजेड खरंच फार सुंदर पडला होता.