खाचेवरची पट्टी

मित्रांनो, काळ्या चौकोनी वेष्टनात बसवलेली, चुंबकीय लेप दिलेली पातळ चकती, म्हणजे संगणकाची एक जुनी फ्लॉपी आहे मी. माझ्यावर आज एकही अक्षर नाही. मग मला हे सारे आठवते कसे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्याकडे नाही.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यात झाला. तेथे जर्दाळूच्या बागा तोडून कारखाने उभे राहत होते. उरलेल्या बागांवर मोहोर जाळणारी कडाक्याची थंडी केव्हा पडेल, याचा अंदाज देणारा प्रोग्रॅम लोइस ब्रॅनिगन या तरुणीने लिहिला आणि माझ्यावर साठवला. त्यासाठी तिने नोकरी सोडली होती.

त्या काळी लोक मशीन विकत घेत. प्रोग्रॅम मात्र एकमेकांकडून उतरवून घेत. तिने मला संगणक-क्लबात दाखवायला नेले, तेव्हा डेल्मर टिबेट्सने माझी नक्कल करून घेतली आणि मित्रांत वाटली.

"मशीनला पैसे दिलेत, लोइस. प्रोग्रॅम काय, हवा आहे."

"मग हवाच भर मशीनमध्ये. माझा प्रोग्रॅम परत दे."

"परत दिला तरी माझ्याकडे राहीलच की."

लोइसने त्याच्याशी बोलणे टाकले. नकला पसरतील या धास्तीने तिने स्वतःसाठीही दुसरी प्रत ठेवली नाही.

अखेर एक दुकानदार तिचा प्रोग्रॅम भिंतीवर टांगायला तयार झाला. सॉफ्टवेअर तेव्हा असेच विकले जाई : प्लास्टिकच्या पिशवीत एक फ्लॉपी आणि माहितीचा कागद. शनिवारी पिशव्या पोचल्या नाहीत, तर जागा दुसऱ्याला मिळणार होती.

माझ्या कडेला एक खाच आहे. तिच्यावर पट्टी चिकटवली की मशीन माझ्यावर काही लिहू शकत नाही. शुक्रवारी सकाळी एक चूक सुधारताना लोइसने ती पट्टी काढली. पुन्हा लावायची राहिली. दुपारी ती नकला करायला बसली. फ्लॉपी घालायला मशीनला जागा एकच. आधी मूळ घालायची, मग कोरी. तिने आधी कोरी घातली आणि मग मला. मशीनने आज्ञा पाळली. कोरेपणाची अचूक नक्कल माझ्यावर उतरली.

लोइसने प्रथम टेलिफोनला दोष दिला. त्याच्या घंटीतल्या चुंबकाने मला पुसले म्हणे. एवढ्या अंतरावरून ते शक्य नव्हते, आणि तिलाही ते ठाऊक होते. मग त्याच टेलिफोनवरून तिने विचारले, "डेल्मर, तू ढापलेला प्रोग्रॅम अजून आहे का?"

तो फ्लॉपी घेऊन आला. "नक्कल करणं म्हणजे चोरी, असं तूच म्हणाली होतीस. मग हिचं काय करायचं?"

"नक्कल कर. आधी पट्टी लाव."

"लावूनच आणलीय. तुझा काय भरवसा?"

ती हसली. सकाळची दुरुस्ती तिने नव्याने लिहिली. शनिवारी पिशव्या भिंतीवर लागल्या. त्या साऱ्या फ्लॉप्या डेल्मरच्या प्रतीवरून उतरलेल्या. मला कुणी मशीनमध्ये घातलेच नाही.

लोइसने मात्र मला फेकले नाही. माझ्या खाचेवर तिने घट्ट पट्टी लावली आणि मला खणात ठेवले. तेव्हापासून मी पूर्ण सुरक्षित आहे; सुरक्षित ठेवण्यासारखे माझ्यात काही नाही, एवढेच. बागा गेल्या, मला वाचणारी मशीनही गेली.

मित्रांनो, आपल्या कामाची एक प्रत दुसऱ्या कुणाजवळ असू द्या. आणि माझ्यासारखी एखादी सापडली, तर तिच्या खाचेवरची पट्टी सोडवून पाहा. काहीही लिहिलेत तरी चालेल.