बांधावरची ग्रामसभा

पेणच्या खाडीकाठी आमचा पाडा. घरं इतकी थोडी, की एक जण शिंकला तर सगळे पांघरूण ओढायचे. भरती अडवणाऱ्या मातीच्या बांधाला भगदाड पडलं, त्याला आम्ही खांड म्हणतो, की हाक जायची आणि घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. रिवाज असा, की बोलणं चिखलात उभं राहूनच करायचं आणि काम उरकल्याशिवाय वर यायचं नाही. पाणी छातीला लागलं की मतभेद फार उरत नसत. सगळं गोडच होतं असंही नाही. हैबतराव एकदा कोंबडीवरून रुसला, तर कोंबडी सापडेपर्यंत आम्ही पाण्यातच. माझ्या पिंढऱ्यांना शेवाळ धरलं होतं.

साठ सालानंतर आमचा पाडा आतल्या सहा मोठ्या गावांबरोबर एका ग्रामपंचायतीत गेला, आणि बांधाचं कामही पंचायतीकडे गेलं. सभा लांब, शाळेत, सतरंजीवर. एका पावसाळ्यात बांध पुतळीच्या शेताशी झिरपू लागला. पुतळी विधवा, भाताचं शेत तेवढं एकच. खारं पाणी शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं दाणा नाही. बांधाची दुरुस्ती मागायला ती प्रत्येक सभेला चालत गेली. सरपंच कमळाकर वाईट माणूस नव्हता, पण हात मोजले की बांधापेक्षा आतल्या गावांचा रस्ता जिंकायचा. पाड्यात पुतळीला नाही म्हणायचं तर तिच्या तोंडाकडे बघून म्हणावं लागे. तिथे मागच्या रांगेतून हात वर केला की झालं.

शेवटी तिने एवढंच मागितलं, की पुढची सभा बांधावर घ्या. फुकटचं मागणं, लगेच मंजूर झालं. अमावास्येला आतल्या गावांत नांगर बंद, म्हणून त्यांनी तोच दिवस धरला. अमावास्येला उधाण येतं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. आम्हीही आपणहून बोललो नाही.

आमच्या बांधाला पाड्यापुरत्या वजनाची सवय. त्यावर सहा गावं चढली. बांध आधी कण्हला, मग बसला, आणि अख्खी सभा सरपंचासकट खांडीत उतरली. समोरून उधाण आलं, पण माणसं अशी दाटीने रुतली होती की पाण्याला आत जायला फट सापडेना. एक जिताडा मासा वाट शोधत सरपंचाच्या धोतरात शिरला, तो मी या डोळ्यांनी पाहिला.

कमळाकरने तिथेच बांधदुरुस्तीचा ठराव मांडला. झाडून सगळ्यांनी हात वर केले.

पुतळी टोपली घेऊन वरच्या कडेला उभी होती. म्हणाली, "हात वर कशाला, सरपंच? चिखल खाली हाय."

"आमाला वर कधी घेशील गो?"

"बांध उभा राह्यला की. आमच्यात तसंच हाय."

ओहोटी लागेपर्यंत बांध उभा राहिला. पुतळीचं भात वाचलं.

पुढची सभा पुन्हा शाळेत, सतरंजीवर. पुतळी गेली, टोपलीभर ओला चिखल सरपंचासमोर ठेवला आणि मागे जाऊन बसली. त्या दिवशी बांधाचा विषय पहिला निघाला.